मागायचं आणि गप्प बसायचं

...आणि वर म्हणे गप्प बसायचं. मला! तुम्हाला सांगते, आमच्या संस्थेने मला रोह्याहून पेणला पाठवलं पाच दिवस, कशाला, तर ‘उदयोन्मुख निधी-संकलन नेतृत्व विकास कार्यक्रमा’ला. एवढं नाव घेईपर्यंत नागोठणं येतं. उदयोन्मुख म्हणजे काय हो, विचारलं संस्थेच्या सरांना, तर म्हणाले, नुकतेच उगवणारे. बावन्नावं लागलंय मला, गुडघे मावळले, आणि मी उगवतेय.

शिकवायला सुजय. मुलगा गुणी, नाव ठेवणार नाही, पण पाच दिवस एकच पाढा. "मॅडम, देणगी स्पष्ट मागा आणि थांबा. जो आधी बोलेल तो हरला." मागायचं आणि गप्प बसायचं. मी म्हटलं, अरे, समोरच्याला वाटेल हिला झटका आला. तर म्हणे, "मॅडम, शांततेत ताकद असते." असेल बाबा. सरावाला माझ्याबरोबर शिकणारी भाग्यश्री देणगीदार झाली, मी मागितलं, तोंड मिटलं, आणि अकराव्या सेकंदाला विचारलं, साडी कुठून घेतलीस गो? सुजयने घड्याळ खिशात घातलं.

आता हसू नका, कारण पुढे हसण्यासारखं नाही. निडी गावाच्या पलीकडे एक वाडी आहे, तिथल्या चार मुली संस्थेच्या जीपने रोह्याला हायस्कूलला यायच्या. जीप ऐन गणपतीत बसली. गणपती पाचव्या दिवशी उठले, ही काही उठली नाही. त्यातली जानी, आठवीतली, हजेरीलासुद्धा नुसती मान हलवणारी, ती दोन तास चालत यायला लागली. पण किती दिवस चालेल? दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जाणार, शाळा सुटली तर तिलाही नेणार, आणि भट्टीवर गेलेली मुलगी पुन्हा वर्गात बसलेली मी बघितलेली नाही. एकही नाही. फार जीव तुटतो हो.

म्हणून गेले दाजींकडे. त्यांची पोह्यांची गिरणी आहे, आणि माणूस असा की दिवसभर गिरणीच बोलते. सुजयने सांगितल्याप्रमाणे मी सरळ मागितलं, दाजी, मुलींना शाळेत न्यायला गाडी हवी. आणि गप्प. दाजीही गप्प. आता मला सांगा, समोरचा जन्मतःच हे शिकून आला असेल तर काय करायचं, हे सुजयने शिकवलं होतं का? मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. चतुर्थी वाचली, एकादशी वाचली, मागच्या पानावरचं राशिभविष्य वाचलं... दाजी आपले मूठभर पोहे घेऊन फुंकर मारताहेत. मी पदर दातात धरला. मागायचं आणि गप्प बसायचं.

तेवढ्यात त्यांची बायको, गिरजाबाई, चहा घेऊन आली. मला बघितलं आणि कप तिथंच ठेवला. "काय गो बाय, कोन गेलं?" कारण मी गप्प बसते ती फक्त मयताला, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. आता बोलावं तर मी हरणार. मी नुसती मान हलवली, तिला वाटलं खरंच, तिने डोळ्याला पदर लावला. "कवा गेलं?"

मग मला राहवेना. गेलं नाही हो कुणी, जाणार आहे, जानी जाणार आहे भट्टीवर, म्हटलं, आणि जी सुटले ती जीप, वाडी, आठवी, पेणचं ट्रेनिंग, सुजय, सगळं सांगून चहा गार झाल्यावरच थांबले. गिरजाबाई दाजींकडे वळली. "आपला टेंपो सकाली पोहे घेऊन रोह्याला जातो ना? वाडीवरून न्हेला तर काय झिजंल?"

दाजी म्हणाले, "व्हय."

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मुली पोह्यांच्या पोत्यांशेजारी बसून शाळेत. सुजयला फोन केला, तर तो म्हणतो, "छान मॅडम, पण आधी कोण बोललं?"

आठवड्याने दाजींचा फोन. दाजींचा फोन म्हणजे काहीतरी बिनसलं. म्हटलं, झालं, टेंपो बंद.

"बाय, ती तुमची जानी. निडीपासून रोह्यापर्यंत तोंडाला खळ नाय. कोडी काय, मास्तरांच्या नकला काय. डायवर पार कावलाय. तुमी पेनला गप बसायचं शिकून आल्या ना, जरा तिला शिकवा."

म्हटलं, दाजी, त्यात मी नापास आहे.