हलकी की मोठ्या आवाजाची?

सोलापुरातल्या वाद्यांच्या दुकानात मथुराबाई मढवायला दिलेल्या ढोलकीची वाट बघत बसली होती. शेजारी मंगळवेढ्याकडचं एक जोडपं एकतारी निवडत हळू आवाजात बोलत होतं.

“दोन्नी एकाच भावाच्या. ही हलकी हाय बघ.”

“नगं. त्या मोठ्या भोपळ्याची घ्या, आवाज लांब जातोय.”

“आबाला पेलवंल व्हय?”

“त्येंला कुटं हिंडायचंय? केमच्या ठेसनात एका जागी तर बसायचं. गाडीच्या आवाजात लोकास्नी ऐकू गेलं तरच पुढ्यात पैसं टाकतील की.”

“आन् घरी कवा आणायचं?”

“मोठीच घ्या की.”

बाहेर पायरीवर बसलेल्या आंधळ्या म्हाताऱ्यानं हाक मारली, “बिरप्पा, हलकीच घे रं. गावच्या भजनात उभ्यानं वाजवायची हाय मला.”