खलनायकाची बायको

नाही हो, ठरवून काही नव्हतं केलेलं. बसा ना, ही पिशवी सरकवते मी — ऑरिनचा स्वेटर आहे, बाहेर टूसॉनचं ऊन नुसतं भाजतंय आणि या हॉटेलात हाडं गोठतात. बसा. मघापासून जो तो येऊन तेच म्हणतोय — काय जोडी तुमची वेल्माबाई, काय तालीम केली असेल! तालीम कसली? हसायचं आणि मान डोलवायची, दुसरं काय करू? पण तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात. तुमच्याकडे बघून मान डोलवता येईना मला.

ऑरिन पडद्यामागे होता. या मेळाव्याच्या संयोजकांनीच तसं ठरवलेलं — आधी ऑरिनचा तो जुना भाग दाखवू, मग प्रेक्षकांची मतं घेऊ, आणि मग एकदम तुम्हाला बाहेर आणू. हा खूश. म्हणाला, आडून ऐकायला मिळेल गं, लोक खरं काय बोलतात ते! आयुष्यात एवढीच एक मोठी भूमिका मिळालेली त्याला. घोड्यावरच्या हेरांच्या त्या टीव्ही मालिकेत, एकाच भागात, तांब्याच्या खाणीत भूकंपाचं यंत्र बांधणारा वेडा डॉक्टर. पुढे कुणी बोलावलं नाही, मग यूमाला जाऊन पाण्याचे पंप विकले जन्मभर. आणि आता म्हातारपणी हे बोलावणं. आठवडाभर आरशासमोर मिशा कातरत होता.

आणि मतं तर तुम्ही ऐकलीतच. ते टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, सगळ्या मालिकेतला सर्वांत रद्दी भाग. ती लाल टोपीवाली म्हणाली, नायकाच्या बुटातून सुरी निघते तेवढंच काय ते बघण्यासारखं, खलनायक नुसता बोंबलतो. तुम्ही म्हणालात गुहा पुठ्ठ्याची वाटते. — अहो, माफी कसली मागताय, होतीच पुठ्ठ्याची! मला त्याचं काही नाही. पण सगळं सभागृह हसत होतं, आणि मी तिथे नव्या ब्लाउजमध्ये बसलेली, आणि मनात एकच — देवा, आता हा बाहेर येणार आणि सगळ्यांना कळणार की मी याची बायको. आणि नेमका तो माईक माझ्यापुढे. आजी, तुम्हाला काय वाटलं?

मी म्हणू शकले असते ना? की बाबांनो, तो माझा नवरा आहे, जरा जपून बोला. एवढंच तर म्हणायचं होतं. आणि मी म्हणाले काय — त्याच्यापेक्षा त्याचा घोडा बरा काम करतो. केवढा हशा! तुम्हीसुद्धा माझ्या गुडघ्यावर थाप मारलीत. आणि खरं सांगू — बरं वाटलं हो मला. त्यांच्यातली झाले ना मी. एकदा हशा मिळाला की जीभ कुठली थांबतेय? म्हणाले, असल्या माणसाशी लग्न कोण करेल, देव जाणे.

मग पडदा हलला. काठी टेकत आला बाहेर. दिवे डोळ्यांवर आले तरी मला बरोब्बर शोधलंन — आणि काठी माझ्याकडे रोखून म्हणाला, 'कोण करेल काय विचारता? हिनं केलं की!' सगळे उठून उभे राहिले, टाळ्या, शिट्ट्या. त्यांना वाटलं आमचं ठरलेलं नाटक. त्यानं तसं वाटू दिलं. वर म्हणाला, घरी हे रोज ऐकतो मी, आज म्हटलं तुम्हीही ऐका.

घरी? घरी मी कधी अवाक्षर काढलेलं नाही. उलट — तो शेवटचा प्रसंग आठवतो तुम्हाला? खाण कोसळतेय आणि डॉक्टर दार खांद्यावर पेलून धरतो, त्याचा मुका नोकर बाहेर पडेपर्यंत? तिथे ओरडत नाही तो. नोकराकडे बघून नुसती मान हलवतो, जा म्हणून. दर वेळी रडते मी तिथे, आजतागायत. आणि आज तिथेच वरून कोसळणारा पुठ्ठ्याचा दगड चेंडूसारखा उडाला, तेव्हा सगळे खदखदले — आणि मीही हसले. आतून ऐकलं असेल त्यानं माझं हसणं. हजारात ओळखेल तो.

सांगू त्याला? काय सांगू? आता म्हटलं ना, की तू तिथे छान केलंयस, तर तो म्हणेल, हो गं. म्हणेलच. आणि गाडी चालवत राहील. पार यूमापर्यंत.

बघा, त्याच्या सह्या घेणाऱ्यांची रांग संपली वाटतं. हसतोय बघा कसा सगळ्यांशी! नका हो, तुम्ही नका काही बोलू त्याच्याशी. आणि बाहेर कुणालाही — तुम्हाला माझी शपथ आहे — आमचं ठरलेलं नव्हतं हे कळू देऊ नका. ठरलेलंच होतं म्हणा. सगळ्यांसमोर माझी लाज राखली त्यानं आणि कुणाला संशयसुद्धा आला नाही, इतकं सुरेख केलं. ते तरी कुणी मोडू नका.

आला. उठा, जा तुम्ही. — अहो, जा ना.