धुराड्यातला बोळा

पुरवणी जबाब. पोलीस औट पोस्ट, बदलापूर, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे. तारीख २० जानेवारी १९५५.

माझे नाव कमळाबाई कोम भगवंत भोपी, वय अदमासे पन्नास, धंदा शेती व घरकाम, राहणार बदलापूर गाव. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन फौजदारसाहेबांसमोर येऊन सांगते की,

वरील ठिकाणी मी माझा मुलगा हरिचंद्र, सून काशी व नात यांच्यासह राहते. नवरा भगवंत मयत आहे. भाताची जमीन आहे ती मी बघते. हरिचंद्र अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात कामाला जातो. नातीचे बाराव्या दिवशी बारसे व्हायचे ते या प्रकारामुळे राहिले, म्हणून तिचे नाव सांगता येत नाही.

याआधी माझा जबाब याच ठिकाणी घेतला आहे. आमच्या लोखंडी चुलीच्या धुराड्यात कापडाचा बोळा सापडला, तो कोणी घातला ते मला ठाऊक नाही, असे मी त्यात सांगितले. ते खोटे आहे. बोळा मी घातला.

ही चूल घरात कशी आली हे विचारले, म्हणून सांगते. काशी पोटुशी असताना तिला धुराचा फार त्रास व्हायचा. चुलीपुढे बसली की खोकून खोकून लाल व्हायची. मी म्हणायचे, आम्ही याच धुरात चार बाळंतपणे काढली, आमचे काही अडले नाही. चारांतला हरिचंद्र तेवढा राहिला. हरिचंद्राने कारखान्यातल्या एका साहेबाच्या बंगल्यात नळीची चूल पाहिली होती. तशीच त्याने उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका सिंधी पत्रेवाल्याकडून जाड पत्र्याची करवून आणली. ती माजघरात आणून ठेवली तेव्हा शेजारपाजार बघायला लोटला. मी पाठ करून तांदूळ निवडत बसले होते. माझी चूल बरी नव्हती हे सगळ्या गावाला दाखवल्यासारखे मला वाटले.

चूल बसवताना हरिचंद्राने कसलीही हयगय केली नाही, हे मुद्दाम लिहून घ्यावे. खाली विटांचा ओटा केला. आमचा भिंतीचा कूड कारवीच्या काठ्यांचा आहे, तो पेटू नये म्हणून चूल कुडापासून चांगली लांब ठेवली. नळी जिथून बाहेर जाते तिथला कूड मोठा कापून भोवती पत्रा व माती लावली. नळी बाहेरून उभी नेऊन आढ्याच्याही वर काढली. बाहेर जिथे ती वळते तिथे काजळी काढायला एक झाकण ठेवले. मग आम्हा दोघींना बसवून त्याने सांगितले की लाकूड सुकेच घालायचे, काजळी साचू द्यायची नाही, राख घमेल्यात काढून अंगणात टाकायची आणि आत निखारा असेपर्यंत नळी कशानेही बंद करायची नाही. काशी मधून मधून विचारून घेत होती. मी काही विचारले नाही, पण मला सगळे समजले होते. समजले नव्हते असे मी आज सांगितले असते तर अडाणी बाईचे कोणीही खरे मानले असते.

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे असते. काशीला आई नाही आणि भावजयीने अंग काढून घेतले, म्हणून ते आमच्याकडे झाले. गावातल्या कितीतरी बायकांची बाळंतपणे मी केलेली आहेत. काशीची सुटका नीट झाली. मुलगी झाली म्हणून घरात कोणी तोंड वाकडे केले नाही. बाहेर तसे बोलले जाते ते खरे नाही.

माजघर उबदार, म्हणून तीच बाळंतिणीची खोली केली. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही हे आमच्यात कोणाला शिकवावे लागत नाही. खिडकीला गोणपाट लावले, फटींत चिंध्या कोंबल्या, दारावर वाकळ सोडली. माझ्या वेळीही असेच केले होते आणि खोलीत चूल धगधगत असायची. पण तेव्हा वर नुसती कौले होती, त्यांतून धूर वाट काढायचा. आता वर फळ्यांचा माळा घातला आहे. हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

संक्रांतीच्या दिवशी वारा सुटला होता. चूल विझलेली होती आणि नळीतून गार वारा उलटा खोलीत येत होता. बाळंतिणीचे वापरलेले कपडे पुढे टाकायचेच असतात, म्हणून त्यांतलाच काशीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मी घेतला. बाहेर जाऊन झाकण काढले, नळीत बोळा कोंबला आणि झाकण परत लावले. तोवर माझ्या मनात काही वाईट नव्हते. तुकडा तिच्या लुगड्याचा निघाला म्हणून पुढे पंचांनी तिच्यावर संशय घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिचंद्र कामावर गेल्यावर मी शेकासाठी चूल पेटवली. धूर सगळा आत आला. काशी म्हणाली, “आत्या, धूर बाहेर जात नाय. नळी बघा जरा.” त्याच क्षणी मला बोळ्याची आठवण झाली. विसरले होते असे मी सांगणार नाही. मी तिला म्हटले, “बिनधुराची ना गो तुमची चूल? मग बस आता.” बोळा काढायला अंगणात दहा पावलेसुद्धा जावे लागले नसते. पण मला वाटले, राहू दे. संध्याकाळी पोरगा येईल, घर धुराने भरलेले बघेल आणि ही चूल उचलून बाहेर टाकील.

काशीचा जीव घ्यावा असे माझ्या मनात नव्हते. फौजदारसाहेबांनी हे दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी हेच सांगितले आणि तेच खरे आहे. मला चूल घालवायची होती.

थोड्या वेळाने लाकडे जळून निखारे झाले, धूर बसला. मला वाटले, धूर गेला म्हणजे धोका गेला. नुसत्या निखाऱ्यातून न दिसणारा, वास नसलेला विषार निघतो आणि खोली बंद असली की माणूस झोपल्या जागी जातो, हे मला नंतर कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितले. मी पोरीला तेल लावायला म्हणून उन्हात ओटीवर घेतले आणि माजघराचे दार ओढून वाकळ सारखी केली. आतून काशीने हाक मारली, “आत्या, डोका जड झालाय. दार उघडा जरा.” मी बसल्या जागेवरून म्हटले की बाळंतिणीचे डोके दुखायचेच, पडून राहा. त्यानंतर तिने हाक मारली नाही. ती गप्प झाली याचे मला बरे वाटले होते. हे कोणी विचारलेले नाही, पण लिहावे.

पोरीची आंघोळ झाली, तिला धुरी दिली, ती झोपली. तेवढ्यात शेजारची मोतीबाई तिळगूळ घेऊन आली आणि बाळंतिणीला बघते म्हणून आत गेली. ती ओरडली म्हणून मी गेले. काशी खाटेवरून खाली पडली होती, दाराकडे हात करून. चेहरा लाल होता, त्यामुळे मला प्रथम ती बरी वाटली. मोतीबाईने तिला ओढत अंगणात आणले. मी पायांकडून धरले. पुढे गाडी जुंपून तिला स्टेशनावर आणि तिथून कल्याणच्या दवाखान्यात नेले. या धावपळीत बोळा काढून टाकण्याचे माझ्या मनात आले होते, पण अंगणात माणसे जमली होती.

बोळा पंचांनी काढला. हरिचंद्राने तो पाहिला आणि तुकडा काशीच्या लुगड्याचा आहे असे त्यानेच सांगितले. आदल्या आठवड्यात काशी आईच्या आठवणीने रडत होती, ते एकदोघींनी पाहिले होते. त्यावरून तिने स्वतः नळी बंद करून जीव द्यायचा प्रयत्न केला असे लोक म्हणू लागले. मी ओटीवर बसून ते ऐकत होते. कोणी माझ्याकडे बघितले की मी पदर डोळ्याला लावत होते.

यात एक गोष्ट साहेबांच्या लक्षात आली नाही, ती सांगते. बाळंतीण बाराव्या दिवसापर्यंत उंबरा ओलांडत नाही. झाकण बाहेरच्या बाजूला आहे. काशीला तिथे जाताच आले नसते. पंच पुरुष होते, त्यांना हे सुचले नसेल. पण गावातल्या एकूण एक बाईला हे ठाऊक आहे आणि एकीनेही ते बोलून दाखवले नाही. त्या का बोलल्या नाहीत हे त्यांनाच विचारावे. मी का बोलले नाही ते मी सांगत आहे.

शुद्धीवर आल्यावर काशीने दवाखान्यात जबाब दिला की बोळा तिने स्वतःच घातला. मला हे हरिचंद्राकडून कळले. मी दुसऱ्या दिवशी कल्याणला गेले. जीव द्यायचा प्रयत्न हा गुन्हा, म्हणून खाटेजवळ शिपाई बसवला होता, तो पाणी प्यायला उठला तेव्हा मी तिला विचारले की असे का सांगितलेस. ती म्हणाली, “कुडापलीकडं तुमचा खोकला आयकला मी, झाकणाचा आवाज पन आयकला. तुमी काय बोलू नका. तुमाला नेला तर पोरीला कोन बगल?” मग तिने पोर दूध पिते का एवढे विचारले. मी म्हटले, शेळीचे पिते, कापसाच्या बोळ्याने. ती भिंतीकडे वळली. तिच्या अंगावरचे दूध लुगड्यावर उतरले होते. मला तिथे बसवेना, मी उठून आले.

त्यानंतरही मी दोन दिवस गप्प राहिले. पोरीला बघायला कोणीतरी हवे हे काशीचे म्हणणे मी माझ्यासाठी वापरले. त्या दोन दिवसांत बायका माझ्याकडे येऊन बसत होत्या. अशा आईची पोर तुम्ही जिवापाड सांभाळता, तुमच्यासारखी सासू मिळायला भाग्य लागते, असे म्हणत होत्या. मी त्यांना चहा केला. मला लाज वाटली नाही असे नाही. वाटत होती, आणि तरीही मी चहा करत होते.

काल हरिचंद्र कामावर गेला नाही. त्याने काशीच्या भावाकडे निरोप धाडला की दवाखान्यातून सुटली आणि खटल्यातूनही सुटली तरी तिला तिकडेच न्या, पोर आम्ही ठेवून घेतो. निरोप धाडण्याआधी त्याने मला विचारले, “आये, तू सांग, मी बरोबर करतो ना?” मी म्हटले, “तुजा तू बग.” माझ्या एका शब्दाने ते थांबले असते. तो उठून गेला. मी पोरीला मांडीवर घेतले. ती दूध ओकत होती. मी तिचे तोंड पुसले आणि मला माझ्या हाताची किळस आली. मी इथे यायला यापेक्षा निराळे काही घडले नाही.

चुलीत खोट नाही. ती करणाऱ्या पत्रेवाल्यात खोट नाही. बसवणाऱ्यात नाही. काशी ती रोज नियमाप्रमाणे वापरत होती आणि तिच्या हातून एकदाही धूर झाला नाही. हे कबूल करायला मला तिचा जीव जायची वेळ यावी लागली.

या जबाबामुळे माझ्यावर खटला होऊ शकतो हे फौजदारसाहेबांनी समजावून सांगितले. मला ते समजले. माझी मागणी एवढीच की काशीजवळचा शिपाई आज उठवावा आणि पोरीला आज तिच्याकडे न्यावे.

हरिचंद्र बाहेर बाकावर पोरीला घेऊन बसला आहे. मी त्याला यातले काही सांगितलेले नाही. काशीबद्दल आणखी थोडे विचारायला बोलावले आहे, एवढेच सांगून त्याला बरोबर आणले. इथवर येताना वाटेत सांगेन असे ठरवले होते, पण पोरीचे दुपटे सारखे करत राहिले. शिपायाला, साहेबाला, कोर्टाला सांगेन. त्याला मला सांगता येणार नाही.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, कमी नाही, जास्त नाही. आता हरिचंद्राला आत बोलवावे आणि हा जबाब त्याच्यासमोर पुन्हा पहिल्यापासून वाचावा. वाचून होईपर्यंत मी इथेच बसून राहते.

कमळाबाई कोम भगवंत भोपी
डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी