विल्फच्या खुणा आणि माझे सात दिवस

म्हणजे मला काय वाटलं होतं, की मी सहा वर्षांनी बर्लिनहून परत येईन, गावातली माणसं मोठमोठ्या कंपन्यांच्या जाचाला कंटाळून धक्क्यावर माझी वाट बघत उभी असतील, आणि मी म्हणेन, 'या, मी तुम्हाला मोकळं करते!' आणि झालं काय? तर आमच्या स्प्लिट रॉक कोव्हमध्ये कुणाला कसलाच जाच नव्हता! कुणाला लग्नाचा व्हिडिओ पाठवायचा असला की पेन ड्राइव्ह बिस्किटांच्या डब्यात घालायचा, डबा सिरिलच्या टॅक्सीत ठेवायचा, सात तासांत सेंट जॉन्स शहरात. कॅनडाच्या या अख्ख्या न्यूफाउंडलंड बेटाचं असंच चालतं, आणि तुम्हाला सांगते, छान चालतं! तेच तर माझं दुखणं!

पण मी ऐकते होय? चर्चच्या हॉलमागच्या खोलीत, मूस हरणाच्या मटणानं भरलेल्या फ्रीझरशेजारी, एक जुना कॉम्प्युटर मांडला. त्यात अवजड फाइली पाठवायचं मुक्त सॉफ्टवेअर घातलं. फुकट, कुणीही त्याच्या कोडात डोकावून बघावं, हवं ते बदलावं, आणि सगळं आपल्याच गावातल्या यंत्रावर! मग भाषण ठोकलं. 'मंडळी, तुमच्या आठवणी तिकडे कॅलिफोर्नियात बसलेल्या कंपन्या गिळतायत!' चाळीस मिनिटं बोलले. पहिल्या रांगेत मोजे विणत बसलेल्या आयव्ही मावशी शेजारणीला म्हणाल्या, "किती गोड बोलते गं. पण वाळलीय पोर."

आता त्या सॉफ्टवेअरचा मूळ नियम असा, की पाठवलेली फाइल तीस दिवस राहते, मग आपोआप पुसली जाते. मी तीसचे सात केले. का? तत्त्व म्हणून! खासगीपणा! आणि पुसायचं तेही असं, की देवाला शोधून सापडू नये. कुणी विचारलं होतं मला? कुणी नाही!

तर आयव्ही मावशींचे यजमान हेडली काका. इथे म्हातारा माणूस अख्ख्या गावाचा काका असतो. त्यांचे थोरले भाऊ विल्फ, वय शहाऐंशी. समुद्रात कुठे काय आहे ते कळायच्या खुणा आता त्यांच्या एकट्याच्या डोक्यात उरल्यात. चर्चचा मनोरा काळ्या खडकाआड गेला आणि दीपगृह टेकडीच्या खांद्यावर आलं, की होडीखाली समुद्र उथळ आणि तिथे कॉड मासे. अशा एक्केचाळीस खुणा! कागदावर एक नाही. हेडली काकांनी दोन उन्हाळे भावाची मनधरणी करून, होडीत बसून, त्या सगळ्या कॅमेऱ्यात घेतल्या. साठ जीबी! आणि पाठवायच्या कुणाला, तर विल्फच्या मुलीला, लोरेटाला. ती कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात, तेलाच्या खाणीवर घराएवढा ट्रक चालवते.

काका फाइल चढवायला आले तेव्हा मी टेबलाखाली होते, कारण कुणीतरी फ्रीझरसाठी माझी वायर उपटली होती. ते वरून म्हणाले, "केझिया, लोरेटा चौदा दिवस छावणीत असते, तिथे फोनसुद्धा धड लागत नाही. मग आठवडाभर सुटी. तोवर थांबेल ना गं हे?"

मी म्हटलं, "हो हो काका, निर्धास्त राहा!"

ऐकलं होतं का मी? 'हेडली काका काहीतरी म्हणाले' एवढंच ऐकलं होतं!

काका निर्धास्त घरी गेले आणि त्यांनी कॅमेऱ्याचं कार्ड कोरं केलं. का, विचारा! "पाठवलं ना? मग इथे कसं राहील? पत्र पेटीत टाकल्यावर खिशात उरतं का?" आणि त्याच कार्डावर नातवाच्या बाप्तिस्म्याचं शूटिंग, तीन तास, त्यातला एक तास नुसता केक.

पंधराव्या दिवशी लोरेटा छावणीतून बाहेर पडली, लिंक उघडली... 'ही फाइल आता उपलब्ध नाही.'

तिचा फोन आला तेव्हा मी हेडली काकांच्याच स्वयंपाकघरात चहा पीत होते. काका पांढरे पडले. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं, तुम्हाला सांगते! तेवढ्यात काकांनी टेबलावर मूठ आपटली. "गिळलं! कॅलिफोर्नियावाल्यांनी गिळलं! ही पोर घसा कोरडा करून सांगत होती!"

आणि मी? मी कपात आणखी चहा ओतून घेतला.

दुपारपर्यंत गावभर. टपालवाली म्हणाली, "केझियाला आधीच कळलं होतं." पाद्रीबाबांनी रविवारी प्रवचनात कंपन्यांची तुलना बायबलातल्या योनाला गिळणाऱ्या माशाशी केली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. आयव्ही मावशींनी गरम पाव आणला, वर मुरांबा. "खा गं, लढायला ताकद लागते." मी खाल्ला! दोन तुकडे!

एवढ्यावर भागलं असतं तर मी आयुष्यभर गप्प राहिले असते, इतकी मी भित्री. पण लोरेटाचा पुन्हा फोन. रडत होती. "हेडली काका बाबांना म्हणाले, पुन्हा एकदा होडीत बसू या. बाबा म्हणाले, 'अजिबात नाही! माझ्या खुणा कंपनीच्या पोटात गेल्या, आता तिच्या बोटी येऊन माझे मासे नेणार. यापुढे मी तोंड उघडणार नाही!' केझिया, त्यांचं वय बघ गं. हा उन्हाळा गेला तर..."

म्हणजे बघा हं! माझ्या सात दिवसांनी एकदा पुसलं, आणि माझ्या भाषणानं दुसऱ्यांदा पुसलं जात होतं. आणि फोनवर मी काय बोलले? "बघते हं, लोरेटा." बघते! काय बघते?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले ते तडक विल्फच्या घरी. इथे दार कुणी वाजवत नाही, सरळ आत. ते जाळं दुरुस्त करत होते. मी दम न घेता सगळं सांगितलं: कंपनी-बिंपनी कुणी नाही, गिळलं मी, तीसचे सात मी केले, काकांनी विचारलं तेव्हा टेबलाखाली मी, पावसुद्धा खाल्ला मी...

विल्फनी सुई थांबवली. "म्हणजे कंपनीकडे काहीच नाही?"

"काही नाही."

"कुणाकडेच नाही?"

"कुणाकडेच नाही, काका." मला रडू फुटलं.

"मग बरंय!" म्हातारा खुलला की हो! जाळ्यात पुन्हा सुई घालत म्हणाला, "सांगेन मी पुन्हा. पण कॅमेरा होडीत येणार नाही. तू यायचं. तोंडपाठ करायचं, एक चुकली की पहिल्यापासून. लोरेटा सुटीवर आली की तू तिला म्हणून दाखवायचं. कबूल?"

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

एक्केचाळीस खुणा आहेत. आणि तुम्हाला सांगते, हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही... मला बोट लागते.