जावयाने गॅस बंद केला

इटलीच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या बारी शहरात, बेकरीपुढच्या रांगेत म्हातारा मिंगुच्चो उभा होता. त्याच्या मागे दोन बायकांचं चाललं होतं.

"काय गं पोर्त्सिया, तोरिनोचा होणारा जावई जेवून गेला म्हणे?"

"गेला. निकोलेत्ता, त्याने माझा गॅस बंद केला!"

"अगं बाई! कशाला?"

"टोमॅटोच्या रश्शातली स्पॅगेटी तव्यावर छान करपत आली होती, चुरचुर वाजत होती. तर हा धावतच आला. म्हणतो, 'काकू, जळतंय!'"

"जळतंय? स्पॅगेटी मुद्दाम करपवून खाणाऱ्या बारीत उभं राहून असं म्हणाला?"

"माझी लेक तर लाजेने भिंतीकडे तोंड करून उभी."

"तिकडे उत्तरेत माणसं भीत भीतच जेवतात गं. मग तू काय केलंस?"

"गॅस पुन्हा पेटवला, मोठा केला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत चांगली काळी होईपर्यंत करपवली."

"शाब्बास! खाल्ली का पण?"

"पहिला घास घेतला आणि काटाच खाली ठेवला."

"मिंगुच्चो, किती देऊ?" बेकरीवाल्याने विचारलं.

"थांब रे जरा!"

"म्हणजे आवडली नाही?" निकोलेत्ताने विचारलं.

"आवडली नाही? ताट संपवलं, तवा पुढ्यात ओढला आणि चमच्याने खरवडसुद्धा काढून खाल्ली. निघताना म्हणतो, 'आई, हा तवा आम्हाला लग्नात द्याल?'"

"आई म्हणाला! मग, दिलास?"

"म्हटलं, बाळा, पोरगी खुशाल ने. तवा बारी सोडून कुठे जायचा नाही."