बाराव्या प्रकरणाच्या डोक्यावरचं नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आमचे मालक, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या बाई, त्यांचे यजमान, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. भाषण लिहून आणलंय, चार कागद आहेत. येताना रस्त्यात तीनदा मोजले, चारच भरले. तरी एखादा मागेपुढे झाला असेल तर सांभाळून घ्या. माझा स्वभावच तसा. कुलूप लावल्यावर ते ओढून बघायला मी कोपऱ्यावरून परत जातो, हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे.

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. या टेबलावर फीत बांधलेला गठ्ठा दिसतोय, तो बाईंचा गौरव अंक. चाळीस पानांचा आहे आणि निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी इथे येऊन तो मी जुळवलाय. माझ्यानंतर अध्यक्ष ती फीत सोडतील. ती सुटायच्या आत मला एक गोष्ट सांगायची आहे.

मला इथे सगळे खिळेकाका म्हणतात. छपाईसाठी अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून जुळवण्यात मी अर्धं आयुष्य काढलं. मग कॉम्प्युटर आले आणि पाठोपाठ बाई आल्या. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मला शिकवताना आवाज कधी चढला नाही. तेव्हा मी पुस्तकाच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव हातानं टाईप करायचो. तीनशे पानं असली तर तीनशे वेळा. बाई म्हणाल्या, काका, नाव एकदाच लिहायचं, प्रकरणाच्या सुरुवातीला. त्याला शीर्षकाची खूण करायची. पुढच्या पानांवर ते यंत्र आपोआप नेतं. डाव्या पानावर पुस्तकाचं नाव, उजव्या पानावर प्रकरणाचं, तळाला आकडा. शीर्षक बदललं की सगळीकडे बदलतं.

तुम्हीच सांगा, ज्यानं प्रत्येक अक्षर बोटानं चाचपून लावलं, त्याला हे पटावं कसं? मी मान डोलवायचो आणि बाई उठल्या की पानन्‌पान उलटून बघायचो. बाई हसायच्या. म्हणायच्या, काका, यंत्रावर नसेल तर माझ्यावर तरी विश्वास ठेवा.

तेवढंच मला जमलं नाही.

चौदा वर्षांपूर्वी गुरांच्या एका डॉक्टरांचं आत्मचरित्र आमच्याकडे आलं. बारा प्रकरणं. सातवं होतं जनावरांच्या आजारांवर, आणि बारावं त्यांच्या पत्नीवर. त्या नुकत्याच गेल्या होत्या. अठरा पानं डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती आणि दुसऱ्या कुणालाही टाईप करू न देता ती बाईंकडेच दिली होती. बाईंनी पुस्तक लावलं, हेडर-फूटर, म्हणजे पानाच्या डोक्यावरच्या आणि तळाच्या पट्ट्या, बसवले, आणि दुपारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. संध्याकाळी येऊन शेवटची नजर टाकते, म्हणाल्या.

इकडे छपाईवाल्याचा माणूस दारात उभा. मी आपला पानं उलटतोय. सातव्या प्रकरणाचं नाव लांबलचक, ते डोक्यावर दोन ओळींत गेलेलं. माझ्या जिवाला चैन पडेना. बाईंनी सांगितलेलं एवढं लक्षात होतं की प्रकरणांच्या डोक्यावरच्या पट्ट्या एकमेकींना बांधलेल्या असतात, एकीत बदल करायचा तर आधी गाठ सोडायची. मी सातव्याची मागच्या सहाव्याशी असलेली गाठ सोडली. बाईंनी बसवलेलं पुसलं आणि हातानं छोटं नाव लिहिलं, ‘तोंडाचे व खुरांचे रोग’. सातवं प्रकरण दोनदा तपासलं. झकास दिसत होतं. दिलं पाठवून.

पुढच्या आठव्याशी असलेली गाठ सोडायची राहिली होती. आठव्यापासून बाराव्यापर्यंत सगळ्या प्रकरणांवर तेच नाव गेलं.

पुस्तक आलं त्या दिवशी डॉक्टर या समोरच्याच खोलीत बसले होते. त्यांनी आधी शेवटचं प्रकरण उघडलं. पत्नीच्या फोटोवर, तिच्या आजारपणावर, तिच्या शेवटच्या शब्दांवर, दर उजव्या पानावर ‘तोंडाचे व खुरांचे रोग’. बराच वेळ ते पानं उलटत राहिले. मग एवढंच म्हणाले, “ती असती तर पोट धरून हसली असती. मला नाही हसता येत.” पुस्तक तिथेच ठेवून गेले. आता तेही नाहीत.

मालकांनी विचारलं, हेडर कुणी लावले होते? सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मागच्या जिन्यात त्यांनी मला गाठलं.

“काका, तुम्ही कुठे हात लावला होतात का?”

“मी कशाला लावू? मला कुठे येतं ते?”

बाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांना आवक-जावक विभागाच्या टेबलावर बसवलं. चौदा वर्षं त्यांनी लोकांची पाकिटं घेतली आणि शिक्के मारले. ज्या बाईनं मला पान लावायला शिकवलं, तिनं नंतर इथे एकही पान लावलं नाही. अध्यक्षमहाराज, तुमची काही चूक नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुमच्यापासून दोन हातांवर उभा होतो. निवृत्तीला चार वर्षं उरली होती, मुलीचं लग्न ठरलं होतं. ही कारणं मी रोज मोजतो, या कागदांसारखी. ती काही वाढत नाहीत.

हा अंक मी बाईंच्या पद्धतीनं लावलाय. माझा लेख सत्ताविसाव्या पानावर आहे. शीर्षक एकदाच लिहिलं, ‘बाराव्या प्रकरणाची चूक माझी’. लेखाच्या पहिल्या पानावर ते मोठं आहेच, म्हणून तिथे पट्टी नाही. हा बाईंचाच नियम. पुढे एकोणतीस, एकतीस, तेहतीस या पानांवर ते आपोआप आलंय. छापायला देण्याआधी माझा धीर सुटला होता. शीर्षक खोडून ‘काही आठवणी’ केलं, आणि बघतो तर तिन्ही पानांवर क्षणात ‘काही आठवणी’. बाई, तुमची पद्धत किती बिनचूक होती ते मला त्या क्षणी पटलं. मी ते खोडलं आणि पहिलं परत लिहिलं. तपासून बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

मला इथे उभं राहू दिलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मालकांचे आणि आपल्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कुठे अडखळलो असेन, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभेनं उदार मनानं पोटात घालावं. बाईंना मात्र मी तसं म्हणणार नाही. त्यांनी आधी ते पान उघडावं.

अध्यक्षमहाराज, आता फीत सोडा.