लोखंडी चुलीची ओढ

...हसा, तुमचं काय जातंय हसायला, तुमच्या घरी मातीची चूल शाबूत आहे. माझी मी स्वतःच्या हातानं फोडली, कुदळीनं, कारण काय, तर भिवंडीला कुणी साहेब बंगला सोडून निघाला होता, त्याची लोखंडी चूल मी बैलगाडीत घालून घाट चढवून इथं जव्हारला आणली. दार असलेली, पाय असलेली, वर धुराची नळी. आणि कुणासाठी? आईसाठी. जन्मभर फुंकणी फुंकून तिच्या डोळ्यांना सारखं पाणी, तांदळातला खडा दिसेना. संस्थानच्या कचेरीत कारकून झालो, एवढं तरी करावं की नाही?

तर तुम्हाला सांगतो, पहिल्या दिवशी नळी खिडकीतून बाहेर काढली, काशीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, लाकडं घालून काडी लावली, आणि बाहेरचा वारा सुटला तो थेट नळीत... धूर आत, आम्ही बाहेर.

शेजारचा देवजी कुंपणावरून म्हणतो, "मधुभाऊ, नळी आढ्याच्या वर गेली पाहिजे. त्याशिवाय धुराला वर ओढ कुठली लागायला?" पटलं. कौलं काढली, नळी वाढवून आढ्याच्याही वर नेली, आणि छपरावर बसून मी खाली सांगतोय, "पेटव." खालून नुसता खोकला. मग आई, "मध्या, उतर खाली, घर पेटलं का काय?" अहो घर कुठलं पेटतंय, चूलसुद्धा पेटली नव्हती. धूर आत, आम्ही बाहेर, आणि मी छपरावर.

मग लाकडं ओली म्हणून वाळकी आणली, जाड म्हणून बारीक फोडली, राख उपसली, दार उघडलं, लावलं, अर्धं उघडलं... धग यायची ती मांजराला ऊब मिळेल एवढी. नाचणीची भाकरी तव्यावर नुसती पडून. आणि देवजी रोज विचारणार, "लागली का ओढ?"

शेवटी आईनं गाठोडं बांधलं. "मी मोखाड्याला कमूकडं जाते," कमू माझी बहीण, "तिचा धूर निदान दारानं बाहेर तरी जातो." देवजीची गाडी जुंपलेली. आता सांगा, ज्या डोळ्यांसाठी एवढा खटाटोप, तेच डोळे पदरानं पुसत आई गाडीत चढतेय... मी दारातून थांब म्हणायला जातोय, पण तोंड उघडलं की धूर जायचा.

तेवढ्यात काशी उठली. भाताच्या पेंढ्याची मूठ वळली, पेटवली, आणि काजळी काढायला नळीच्या बुडाशी झाकण असतं ना, तिथून आत कोंबली. "जा जळून एकदाचं," म्हणाली. मला वाटलं, मलाच. आणि तुम्हाला सांगतो... नळीत घूंऽऽ झालं. गार नळी तापली, चुलीत धुमसत पडलेल्या लाकडांचा धूर वळला आणि सुटला वर, त्याच्यामागं जाळ, लोखंड टणटण वाजतंय, मी अंगणात पळालो तर आढ्यावरून धूर सरळ आभाळात, आतून काशी, "अहो ऐकलंत का, पीठ काढा, पीठ", आणि भाकरी अशी टम्म फुगली की मी तिथंच बघत उभा. आई गाडीतून उतरून आत आली, इकडं तिकडं बघून म्हणाली, "धूर कुठाय?"

तेव्हापासून रोज आधी नळीत पेंढा जाळायचा, नळी तापवायची, मग चूल पेटवायची. अशी पेटते म्हणता! देवजीची बायको आमच्याकडं दूध तापवायला येते.

आईचे डोळे? निवळले. खरंच निवळले. फक्त एक झालंय... आता तिला सगळं दिसतं. वाशावरचं जाळं दिसतं, माझ्या कोटाचं तुटलेलं बटण दिसतं, मी पानात किती तंबाखू घालतो ते दिसतं. आत्ताही बघा, तिकडं आमच्या दारात उभी आहे, आणि एवढ्या लांबून तुमच्या घोळक्यात मलाच हात करतेय. चला, जातो बाबा.